वेळापत्रकात नसलेली शाळा

गेल्या सत्रात मॅडमनी आम्हाला वर्गात ‘हूझिअर्स’ दाखवला. १९८६ चा सिनेमा. अमेरिकेतलं इंडियाना राज्य, तिथलं एक खेडं, खेड्यातली इवलीशी शाळा, तिचा बास्केटबॉलचा संघ, आणि शेवटी बलाढ्य शहरी शाळेला हरवून राज्याचा चषक. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. मीपण वाजवल्या. जीन हॅकमन कोच असला की टाळ्या न वाजवणं अवघडच.

मग सवयीप्रमाणे घरी येऊन खरी गोष्ट शोधायला बसले आणि रात्रीचा दीड कधी वाजला ते कळलं नाही. खरी गोष्ट मायलन नावाच्या गावाची आहे. वर्ष १९५४, शाळेत सगळे मिळून १६१ विद्यार्थी. फायनलला समोर मन्सी सेंट्रल ही मोठी शाळा. अगदी शेवटच्या क्षणी बॉबी प्लंपने बास्केट टाकली आणि मायलन ३२-३० ने जिंकली. नावं बदलून हे सगळं सिनेमात आहे.

सिनेमात नाही ते असं. फायनलला पोचण्याआधी मायलनने ज्या शाळेला ६५-५२ असं हरवलं, ती इंडियानापोलिस शहरातली क्रिस्पस अटक्स हायस्कूल. फक्त कृष्णवर्णीय मुलांची शाळा. त्या हरलेल्या संघात पंधरा वर्षांचा ऑस्कर रॉबर्टसन होता, जो पुढे बास्केटबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक झाला. त्यांचा कोच होता रे क्रो. पुढच्या दोन्ही वर्षी, १९५५ आणि १९५६ ला, राज्याचा चषक याच कोचने आणि याच शाळेने नेला. आता गंमत बघा. सिनेमातल्या फायनलमध्ये हरणाऱ्या संघाच्या बाकावर कोच म्हणून जो माणूस बसलेला दिसतो, तो स्वतः रे क्रो! ज्याने खऱ्या आयुष्यात दोनदा जिंकलं, त्याला पडद्यावर हरायला बसवलं.

यावर चिडून एक लेख लिहिता आला असता. पण मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. वेळापत्रकाबद्दल. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल: आमच्या पॅरिशच्या युवा मंडळातर्फे दर वर्षी फुटबॉलची आंतर-पॅरिश स्पर्धा होते आणि गेली तीन वर्षं तिची सेक्रेटरी मी आहे. वेळापत्रक मीच बनवते. त्यामुळे वेळापत्रकात किती ताकद असते हे मला चांगलं माहीत आहे.

अमेरिकेत शाळांच्या खेळांची रचना साधारण अशी. जवळपासच्या आठ-दहा तोलामोलाच्या शाळा मिळून एक गट करतात, त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. गटातल्या शाळांनी दर वर्षी एकमेकींशी खेळायचं हे ठरलेलं. इंडियानात असाच एक नामांकित गट आहे, नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स. १९२६ साली सुरू झाला. अँडरसन, मन्सी, कोकोमो, मॅरियन, न्यू कॅसल अशा गावांच्या शाळा तेव्हा त्यात होत्या. शुक्रवारी रात्री सगळं गाव मॅचला. न्यू कॅसलने तर १९५९ मध्ये शाळेसाठी असलं भव्य जिम्नॅशियम बांधलं की आजही ते जगातलं शालेय खेळांचं सगळ्यात मोठं जिम म्हणून सांगितलं जातं. आपल्या गावच्या संघाला समोर कुणीतरी नक्की मिळणार, ही खात्री अशा गटामुळे येते. तिकीटविक्री त्यावर, गावाची ईर्षा त्यावर, पोरांचं नाव होणं त्यावर.

आणि या सगळ्या गटांच्या डोक्यावर १९०३ साली स्थापन झालेली राज्य संघटना. राज्य स्पर्धा तिच्या हातात, आणि कुणी कुणाशी खेळायचं हेही. संघटनेच्या सदस्य शाळेने बाहेरच्या शाळेशी खेळायचं म्हणजे भानगड. म्हणजे तुम्ही बाहेर असाल तर तुमचा चषकच जातो असं नाही, शेजारच्या शाळेशी साधी मैत्रीपूर्ण मॅचसुद्धा जाते.

अटक्स बाहेर होती. ही शाळा १९२७ मध्ये सुरू झाली. त्याआधी शहरातली कृष्णवर्णीय मुलं इतर हायस्कुलांत गोऱ्या मुलांबरोबरच शिकत होती. १९२० च्या दशकात इंडियानात कु क्लक्स क्लानचा प्रचंड जोर होता आणि त्या हवेत शहराच्या शाळा मंडळाने सगळ्या कृष्णवर्णीय मुलांना उचलून एका नव्या इमारतीत घातलं. शाळेला नाव देणार होते थॉमस जेफरसनचं! लोकांनी अर्ज-विनंत्या करून ते बदलून घेतलं आणि १७७० च्या बॉस्टन हत्याकांडात मारल्या गेलेल्या क्रिस्पस अटक्सचं नाव मिळवलं. अपमान म्हणून बांधलेली इमारत लोकांनी आपली करून घेतली. उच्चशिक्षित कृष्णवर्णीयांना दुसरीकडे नोकऱ्या मिळत नव्हत्या, म्हणून इथे हायस्कूलला डॉक्टरेट केलेले शिक्षक होते.

आता राज्य संघटनेचे प्रमुख आर्थर ट्रेस्टर यांचं म्हणणं ऐका. सदस्यत्व सार्वजनिक शाळांना. अटक्स सरकारी पैशाने चालत असली तरी ती सर्वांना खुली नाही, तिथे फक्त कृष्णवर्णीय मुलं जातात, सबब ती सार्वजनिक नाही. एका खात्याने मुलांना वेगळं काढलं आणि दुसऱ्या खात्याने ‘तुम्ही वेगळे आहात’ म्हणून दार लावलं. दोघांचीही कागदपत्रं बिनचूक! मग अटक्सची पोरं लांब लांब, दुसऱ्या राज्यांत जाऊन तिथल्या कृष्णवर्णीय शाळांशी खेळायची. वाटेत जेवायला हॉटेल मिळेल याची खात्री नाही.

इथपर्यंत वाचून मी वाचक म्हणून सुरक्षित होते. अन्याय दुसऱ्यावर, दुसऱ्या देशात, मी टाळ्या वाजवणारी. मग एक ओळ आली आणि मी खुर्चीत सरळ बसले. त्याच नियमाने त्याच संघटनेने आणखी एका प्रकारच्या शाळांना बाहेर ठेवलं होतं. कॅथलिक शाळांना.

क्लानचा राग फक्त रंगावर नव्हता, पोपवरही होता. कॅथलिक म्हणजे परक्या सत्तेला मानणारे, अर्धवट अमेरिकन, असा प्रचार. १९२४ च्या मे महिन्यात साउथ बेंडला नोत्र दाम विद्यापीठाची पोरं क्लानच्या लोकांशी रस्त्यावर भिडली होती, म्हणजे वातावरण काय असेल बघा. संघटनेने कॅथलिकांना बाहेर ठेवलं ते ‘खासगी शाळा’ म्हणून, क्लानचं नाव घेऊन नव्हे. पण मुलांना निकाल कळतो, कारण नाही. कॅथलिक शाळांनी मग आपला वेगळा मांडव घातला. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात १९२४ पासून १९४१ पर्यंत कॅथलिक शाळांची देशपातळीवरची बास्केटबॉल स्पर्धा भरायची. लांबलांबून संघ यायचे. आपल्याला कुणी बोलावत नाही ना, मग आपणच आपल्याला बोलावू. मला त्यात काही चूक दिसत नाही, उलट अभिमानच वाटला.

तो अभिमान अर्धा तास टिकला. कारण त्याच काळात इंडियानापोलिसच्या डायोसिसमधल्या कॅथलिक शाळांतही कृष्णवर्णीय कॅथलिक मुलांना वेगळं बसवत होते. बाहेरच्या दारावर आपल्याला अडवलं म्हणून तक्रार, आणि आतल्या दारावर आपणच उभे. बिशप जोसेफ रिटर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ती पद्धत मोडली, विरोध पत्करून. पुढे सेंट लुईसला आर्चबिशप झाल्यावर १९४७ मध्ये त्यांनी तिथल्या शाळाही एकत्र केल्या, तेव्हा काही कॅथलिक पालक कोर्टात जायला निघाले होते. रिटर यांनी त्यांना धर्मसभेतून बहिष्कृत करण्याची ताकीद दिली, तेव्हा कुठे ते थांबले. म्हणजे एका बिशपला आपल्याच माणसांविरुद्ध आपलं सगळ्यात मोठं हत्यार काढावं लागलं. कॅटेकिझमच्या वर्गात आम्हाला संत भरपूर शिकवले, पण हा प्रसंग कुणी सांगितला नव्हता.

१९४२ मध्ये राज्य संघटनेने दार उघडलं. कृष्णवर्णीय शाळा आणि कॅथलिक शाळा, दोघींना एकदम. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा झाला होता. रॉबर्ट ब्रोकनबर या कृष्णवर्णीय सिनेटरने विधिमंडळात विधेयकही आणलं होतं. ते मंजूर झालं नाही, पण संघटनेला हवा कळली असावी.

दार उघडलं म्हणजे वेळापत्रक मिळालं असं मात्र नाही. अटक्स सदस्य झाली तरी शहरातल्या मोठ्या शाळा तिच्याशी खेळायला उत्सुक नव्हत्या. शाळेचं जिम इतकं लहान की मोठी मॅच घरी घेताच यायची नाही. सगळ्या मॅचेस दुसऱ्यांच्या मैदानावर किंवा भाड्याच्या जागेत. सुरुवातीचं धोरणही जपून वागण्याचं होतं: सभ्य राहा, धक्का देऊ नका, गोऱ्या प्रेक्षकांना राग येईल असं काही करू नका. १९५० मध्ये रे क्रो कोच झाला आणि त्याने पोरांना मोकळं खेळू दिलं. पंचांचे निर्णय आपल्या विरुद्ध जाणार हे धरूनच चालायचं, म्हणून सुरुवातीलाच मोठी आघाडी घ्यायची, अशी त्याची शिकवण होती. १९५१ ला नॉर्थ सेंट्रलमधल्या अँडरसनला त्यांनी एका गुणाने, ८१-८० ने हरवलं. शेवटची बास्केट ऑस्करचा मोठा भाऊ बेलीची.

आणि १९५५. फायनलला गॅरी रूझवेल्ट, तीही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. निकाल ९७-७४. इंडियानापोलिसच्या कुठल्याही शाळेने तोपर्यंत राज्याचा चषक जिंकला नव्हता. शहराचा पहिला चषक! रिवाज असा की विजेत्यांनी अग्निशमन दलाच्या गाडीवर बसून शहराच्या मधल्या चौकात यायचं आणि तिथे जल्लोष करायचा. अटक्सच्या पोरांना गाडीवरून चौकाला एक चक्कर मारू दिली आणि गाडी सरळ कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे वळवली. जल्लोष तुमच्या तुमच्यात करा. ऑस्कर त्या रात्री उत्सव सोडून लवकर घरी गेला. पुढच्या वर्षी ते एकही मॅच न हरता जिंकले, फायनलला ऑस्करचे एकट्याचे ३९ गुण. पण त्याच्या मनातून तो चौक गेला नाही, हे त्याने म्हातारपणीसुद्धा सांगितलं आहे.

शाळेचं पुढे काय झालं? १९८६ मध्ये, म्हणजे ‘हूझिअर्स’ आला त्याच वर्षी, अटक्स हायस्कूल म्हणून बंद झाली आणि तिथे खालचे वर्ग भरू लागले. २००६ मध्ये पुन्हा हायस्कूल झाली. २०१७ मध्ये तिने आपल्या गटातला राज्य चषक जिंकला तेव्हा पोरांच्या गळ्यात पदकं घालायला ऑस्कर रॉबर्टसन आला होता. त्याचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला.

हे सगळं परदेशातलं झालं असं कुणी म्हणेल. मला मात्र सारखे विजय हजारे आठवत होते. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. (प्रोटेस्टंट. आपले कॅथलिक नव्हेत, हे आमच्या आजीने लगेच सांगितलं असतं.) मुंबईत तेव्हा धर्मावर संघ पाडून क्रिकेट व्हायचं. १९१२ पासून चौरंगी: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. यात ख्रिस्ती माणसाने कुठे उभं राहायचं? १९३७ मध्ये पाचवा संघ आला, त्याचं नाव ‘द रेस्ट’. म्हणजे ‘उरलेले’! डिसेंबर १९४३ च्या फायनलमध्ये या उरलेल्यांनी दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. समोर भाऊ विवेक २१ वर, आणि दोघांची भागी ३०० ची. मॅच हरले ती हरलेच. ही स्पर्धा १९४६ ला बंद पडली. हजाऱ्यांची ती खेळी मला फार आवडते, पण तिच्यामुळे ‘उरलेले’ हे नाव चांगलं ठरत नाही.

आता माझ्यावर येते.

आमच्या आंतर-पॅरिश स्पर्धेच्या नियमावलीत चौथा नियम आहे: प्रत्येक खेळाडूने आपल्या पॅरिशच्या फादरांचं पत्र आणावं. मी सेक्रेटरी व्हायच्या कितीतरी आधीपासूनचा नियम. कॅम्पात पावसाळ्यात चिखलात फुटबॉल खेळत आम्ही सगळे वाढलो. आमच्या गल्लीतला गोलकीपर माझ्या भावाबरोबर पहिलीपासून खेळतो. नाताळात आमच्या घरी नेवऱ्या खातो, चर्चच्या मैदानावर रोज संध्याकाळी प्रॅक्टिसला येतो, नेट तोच बांधतो आणि तोच सोडतो. तो कॅथलिक नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघाच्या यादीत त्याचं नाव आलं तेव्हा ते मी कापलं. माझ्या हाताने, लाल पेनने. नियमच तसा होता. त्याला सांगायला गेले तर म्हणाला, “असू दे की. मी मॅच बघायला येतो.” आणि आला. तीन दिवस गोलपोस्टच्या मागे उभा राहून आमच्या बदली गोलकीपरला ओरडून सांगत होता, कुठे उभा राहा म्हणून.

तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं, हे मला आज सगळ्यात जास्त बोचतं. ट्रेस्टर साहेबांनाही वाटलं नसणार. कागदपत्रं बिनचूक होती.

यावर समितीतल्या एका काकांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, “अगं, हा नियम काढलास तर शहरातले तयार क्लब दोन-दोन कॅथलिक पोरं पुढे करून अख्खी टीम उतरवतील. खेड्यातल्या छोट्या पॅरिशना वर्षातून ही एकच स्पर्धा मिळते. त्यांची पोरं बाकावर बसतील.” खरं आहे. खानापूर तालुक्यातून टेम्पोत बसून येणारी पोरं मी पाहिली आहेत. काहींचे बूट एकमेकांत वाटून घातलेले. त्यांची जागा जाता कामा नये. शिवाय अल्पसंख्याकांना स्वतःचं म्हणून काही असावंच की. लोयोलाच्या त्या स्पर्धेचा मला अभिमान वाटला असं मी वर लिहिलंय, ते मागे घेत नाही.

पण छोट्यांना जपायचं तर त्यांचं छोटेपण मोजून जपता येतं. इंडियानाने पुढे तेच केलं. १९९७ पर्यंत तिथे सगळ्या शाळांचा एकच चषक होता, मायलनसारखी शाळा मन्सीला भिडायची. नंतर त्यांनी विद्यार्थीसंख्येवरून चार गट केले. तिथे अजून यावर भांडणं होतात, जुनी मजा गेली म्हणून लोक हळहळतात. पण निकष बघा: तुमच्या शाळेत किती मुलं आहेत. तुम्ही कोण आहात, हे नव्हे. आम्हीही मोठ्या आणि छोट्या पॅरिशचे दोन गट करू शकतो. बाहेरचे खेळाडू तीनच, असं बंधन घालू शकतो. वर्षभर त्याच मैदानावर सराव केलेला असावा, अशी अट घालू शकतो. क्लबवाल्यांना रोखायला यातली एक अटसुद्धा पुरेल. त्यासाठी बाप्तिस्म्याची वही उघडायची गरज नाही.

आणि लोयोलाची स्पर्धा भरत होती तेव्हा त्या पोरांसाठी राज्याचं दार बंद होतं. आमच्या पोरांसाठी कुठलं दार बंद आहे? जिल्ह्याची स्पर्धा खुली, आंतरमहाविद्यालयीन खुली, गल्लीतला क्लब खुला. माझा भाऊ गेल्या वर्षी ज्या क्लबकडून खेळला त्यात तो एकटाच ख्रिस्ती होता. त्याच्याकडे कुणी कसलं पत्र मागितलं नाही.

स्पर्धेच्या समितीची बैठक पुढच्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर आहे. चौथ्या नियमाचा नवा मसुदा मी टाइप केला आहे: दोन गट, तीन खेळाडू, सरावाची अट. मांडायला किमान सात सह्या लागतात. हा लेख देईपर्यंत चार झाल्यात. काकांनी मसुदा घरी नेलाय वाचायला, आणि मला गोलकीपरचं पूर्ण नाव विचारलं.